धावपट्टीपलीकडची जमीन

सुरक्षितता आणि निसर्ग हे एकमेकांचे प्रतिपक्षी आहेत, अशी समजूत आपल्याकडे फार दिवसांपासून रूढ आहे. रस्ता रुंद करावयाचा म्हणजे झाडे जावयाची, धरण उंच करावयाचे म्हणजे गावे बुडावयाची, आणि विमानतळाची धावपट्टी लांबवावयाची म्हणजे टेकडी कापून दरी भरावयाची. न्यायासनापुढे असा वाद आला की एका बाजूस उतारूंचे प्राण उभे राहतात, दुसऱ्या बाजूस झरे, शेते आणि पाखरे. अशा सामन्याचा निकाल काय लागणार हे सांगावयास कायद्याची पदवी नको. परंतु वकिलीत बरीच वर्षे घालविल्यावर आम्हांस असे वाटू लागले आहे, की वादी कोण आणि प्रतिवादी कोण हे फिर्यादीच्या पहिल्या पानावर ज्या रीतीने लिहिले जाते, त्यातच अर्धा निकाल दडलेला असतो. दोन्ही पक्ष एकच गोष्ट मागत असले तरी पहिल्या पानावर ते एकमेकांसमोर उभे केलेले असतात. मंगळूरनजीकच्या बजपे विमानतळाचा इतिहास या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. आणि आमच्या हुबळीकरांना तर तो वाचण्याचे विशेष कारण आहे. ते कारण काय, ते पुढे येईलच.

दक्षिण कानडा जिल्ह्याची भूमी म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील जांभ्या दगडाची उंचसखल पट्टी. रत्नागिरीकर ज्याला सडा म्हणतात आणि गोवेकर सडो म्हणतात, तसे सपाट माथ्याचे डोंगर या पट्टीत जागोजाग आहेत. माथा पाहावा तर उघडा, खडकाळ. चार महिने सोडले तर गवताची काडी नाही. परंतु त्याच्या कडेला येऊन खाली पाहिले की भातखाचरे, पोफळीच्या बागा आणि माड दिसतात. हा चमत्कार जांभ्याचा. माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी त्याच्या रंध्रांतून झिरपत जाते आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. वरचा माळ हा खालच्या बागेचा जणू हौदच होय. महसूल खात्याच्या दप्तरी मात्र हा हौद ‘पडीक’ या एका शब्दात नोंदला जातो. विमानतळासाठी जागा शोधणारा अभियंता माथा पाहतो, शेतकरी पायथा पाहतो. दोघांचे डोळे चांगले असूनही दोघांना दोन वेगळे डोंगर दिसतात, आणि पुढच्या सगळ्या कज्ज्यांचे मूळ येथेच आहे.

२५ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरू डग्लस डीसी-३ जातीच्या विमानातून बजपे येथे उतरले आणि मंगळूरचा विमानतळ सुरू झाला. त्या वेळची धावपट्टी १,६१५ मीटर लांबीची. डीसी-३ ला ती भरपूर होती. परंतु विमाने वाढत गेली आणि डोंगर तेवढाच राहिला. १९ ऑगस्ट १९८१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एक अ‍ॅव्हरो विमान उतरताना धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि काठापाशीच थांबले. उतारूंत पुढे कर्नाटकाचे मुख्यमंत्री झालेले वीरप्पा मोइली होते. प्राणहानी झाली नाही. विमानतळाच्या काठावर मृत्यू बसलेला आहे हे त्या दिवशी सर्वांस दिसले, आणि मोठ्या धावपट्टीची मागणी करणाऱ्यांच्या हाती एक सबळ पुरावा आला. आखाती देशांत पोटासाठी गेलेल्या हजारो तुळू, कोकणी व ब्यारी कुटुंबांचीही तीच मागणी होती. मुंबईस उतरून पुन्हा दिवसभराचा प्रवास करून घर गाठण्याऐवजी थेट आपल्या जिल्ह्यात उतरता यावे, यात गैर असे काय होते?

तेव्हा लक्षात घ्यावयाचे ते हे, की नवी धावपट्टी ही केवळ वैभवाची हौस नव्हती. जुनी आखूड होती, म्हणून ती सुरक्षिततेच्याच नावाने मागितली गेली. आणि नवल असे की तिला विरोधही सुरक्षिततेच्याच नावाने झाला.

केंजार व आसपासच्या गावांतील रहिवाशांनी ‘विमान निल्दाण विस्तरण विरोधी समिती’ स्थापिली, आणि बंगळूरच्या एन्व्हायर्नमेंट सपोर्ट ग्रुप या संस्थेच्या साहाय्याने १९९७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात लोकहिताचा अर्ज दाखल केला. आपल्या घरादारांची व शेतांची काळजी त्यांना होती, आणि ती असणारच. परंतु अर्जातील युक्तिवाद तेवढ्यावर थांबला नव्हता. तिन्ही-चारी बाजूंस दऱ्या असलेल्या डोंगरमाथ्यावर ही धावपट्टी बसविली तर विमानतळरचनेचे राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय दंडक पाळता येणार नाहीत, धावपट्टीच्या टोकाशी पुरेशी मोकळी जागा राहणार नाही, आणि अपघात झाला तर बचावाची माणसे व बंब त्या दरीत वेळेवर पोहोचणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. शेतकऱ्याचा अर्ज म्हणजे भरपाई वाढवून मागण्याचा डाव, असे समजण्याची आपल्या कचेऱ्यांची खोड जुनी आहे. येथे तर अर्जदार आपल्यापेक्षा विमानात बसणाऱ्या परक्या माणसांच्या जिवाविषयी बोलत होते.

अर्जाचा काळही अनुकूल होता. आदल्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचे तत्त्व हे भारतीय कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले होते. हानी भरून न येण्यासारखी असेल तर शास्त्रीय निश्चिती नाही ही सबब चालणार नाही, आणि आपले काम निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भार काम करणाऱ्यावर राहील, असा त्याचा आशय. मद्रास प्रांतातील चामड्याच्या कारखान्यांनी नासविलेल्या पाण्यापासून हे तत्त्व निघाले. ते बजपेच्या डोंगरापर्यंत मात्र पोहोचले नाही. विमानतळ प्राधिकरणाने सर्व दंडक पाळले जातील अशी हमी दिली आणि १९९८ मध्ये तो अर्ज निकालात निघाला. २००२ मध्ये दुसरा अर्ज फेटाळला गेला. प्रकरण दिल्लीस गेले. फेब्रुवारी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ढवळाढवळ करण्यास नकार दिला. मात्र काम करताना लागू असलेले सर्व कायदे व पर्यावरणविषयक दंडक पाळले गेले पाहिजेत, असे त्या आज्ञेत नमूद केले.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही थोडे थांबतो. वकिलाच्या दृष्टीने ते वाक्य फार सोयीचे असते. हरलेल्या अशिलास ते दाखवून ‘न्यायालयाने आपलेही म्हणणे ऐकले’ असे सांगता येते, आणि जिंकलेल्या पक्षास त्याचा काच होत नाही. कायदा पाळा अशी आज्ञा कायद्यात अगोदरच असते. ती न्यायालयाने पुन्हा उच्चारली तर तिचे बळ तेव्हाच वाढते, जेव्हा ती पाळली जाते की नाही हे पाहण्यास कोणीतरी नेमलेला असतो. बजपेच्या आज्ञेतून अशी कोणतीही देखरेख उभी राहिली नाही. डोंगर कापला गेला, खोलगट भाग भरले गेले, २,४५० मीटरांची नवी धावपट्टी तयार झाली आणि २००६ मध्ये तिच्यावर विमाने उतरू लागली. त्याच वर्षी दुबईची थेट वाहतूक सुरू झाली. १५ मे २०१० रोजी नव्या उतारूगृहाचे उद्घाटन झाले.

त्यानंतर सातव्या दिवशी, २२ मे २०१० च्या प्रातःकाली, दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोइंग ७३७ विमान त्याच धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले आणि जळाले. विमानात १६६ माणसे होती. आठ वाचली, १५८ गेली. सुटीसाठी घरी येणारी माणसे, लग्नाला निघालेली, मयतीला निघालेली, आणि कडेवरची पोरे. ज्यांची ओळख पटली नाही अशा बारा देहांना कुळूर येथे फल्गुनी नदीच्या काठी एकत्र मूठमाती देण्यात आली.

चौकशीसाठी सरकारने एअर मार्शल भूषण नीळकंठ गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय नेमले. त्यांचा अहवाल त्या वर्षअखेरीपर्यंत आला. अपघातानंतर ‘गावकरी खरे ठरले’ असे पुष्कळांनी लिहिले, आणि उलट ‘दोष वैमानिकाचा, धावपट्टीचा काय संबंध’ असेही पुष्कळांनी लिहिले. अहवाल या दोघांपेक्षा अधिक विचारी आहे. प्रत्यक्ष कारण त्याने निःसंदिग्धपणे कप्तानावर ठेविले. कप्तान प्रवासातला बराच काळ झोपलेला होता; विमान योग्य उंचीवर नव्हते; सहवैमानिकाने तीन वेळा उतरणे रद्द करण्यास सुचविले, तरी ते रेटण्यात आले. धावपट्टीच्या आरंभापासून सुमारे ५,२०० फूट पुढे चाके टेकली. म्हणजे ८,००० फुटांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश पट्टी तोपर्यंत मागे पडली होती. रोधयंत्रणा लावल्यावर कप्तानाने पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न केला. इतक्या चुकांपुढे धावपट्टीस आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे होणार नाही.

परंतु येथे एक सूक्ष्म भेद आहे, आणि फौजदारी वकिलांस तो परिचित असतो. आघात कशाने झाला हा एक प्रश्न, आणि त्या आघाताने मृत्यू का आला हा दुसरा. धावपट्टी ओलांडून जाणे हा जगातल्या विमानवाहतुकीत नवलाचा प्रकार नव्हे. सपाट मैदानात अशा वेळी चाके चिखलात रुततात, विमानाचे नाक मोडते, आणि उतारू शिव्याशाप देत घरी जातात. बजपेला विमान वाळूच्या रोधक पट्ट्यातून गेले, आणि पुढे ज्या काँक्रीटच्या बांधकामावर दिशादर्शक अँटेना उभी केलेली होती त्याच्यावर त्याचा उजवा पंख आदळला. त्यापलीकडे जमीनच नव्हती. चूक एका माणसाची होती खरी. पण एका चुकीची किंमत १५८ प्राण इतकी जबर कोणी ठरविली, तर त्या टोकाच्या रचनेने. अहवालाच्या शिफारशीही त्याच दिशेने गेल्या: टोकापलीकडे एकदम उतार नसावा, तेथील उपकरणे धक्का बसताच मोडणाऱ्या आधारावर असावीत, आणि डोंगरमाथ्यावरच्या विमानतळांस विमान अडविणारी शय्या असावी.

आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेचा दंडक असा, की धावपट्टीच्या टोकापलीकडे साठ मीटरांचा पट्टा आणि त्यानंतर किमान ९० मीटरांचे सुरक्षाक्षेत्र असलेच पाहिजे. मोठ्या विमानांच्या धावपट्ट्यांना ते २४० मीटर असावे, ही शिफारस. ‘असलेच पाहिजे’ आणि ‘असावे’ यांतील अंतर कायद्याचा विद्यार्थी जाणतो. बजपेने ९० मीटर पाळले होते. म्हणजे दंडक मोडला असे म्हणता येत नाही आणि शिफारस पाळली असेही म्हणता येत नाही. राहिलेल्या १५० मीटरांत सगळा इतिहास आहे. ते मिळवावयाचे तर दरीत आणखी भराव घालावयाचा, भरावासाठी आणखी एखादी टेकडी खणावयाची आणि पायथ्याची आणखी घरे उठवावयाची. नाहीतर असलेल्याच धावपट्टीची उपयुक्त लांबी कमी करावयाची आणि मोठी विमाने सोडून द्यावयाची. पहिला मार्ग निसर्गाच्या मुळावर, दुसरा व्यापाराच्या. यांपैकी कोणताच न पत्करता आपण तिसरा घेतला, आणि तो म्हणजे वैमानिक चुकणार नाही असे गृहीत धरणे.

नुकसानभरपाईचे कज्जे पुढे दहा वर्षे चालले. त्यांतील एकाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये दिला. त्यानंतर तीन महिने लोटले नाहीत तोच ७ ऑगस्ट २०२० रोजी, मुसळधार पावसात, कोळिकोड येथे तशाच डोंगरमाथ्यावरून त्याच कंपनीचे विमान खाली कोसळले. दुबईहूनच आलेले. करोनाच्या साथीत अडकलेली माणसे घेऊन. १९० पैकी २१ दगावले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. कप्तान दीपक साठे हे वायुदलात नाणावलेले चाचणी वैमानिक. त्यांच्या हातून उतरण्याचा निर्णय चुकला असे चौकशीत ठरले. अर्ध्याच्या आसपास धावपट्टी मागे पडल्यावर चाके टेकली आणि वाराही पाठीमागून होता. पण याच धावपट्टीवर पावसात पाठीमागच्या वाऱ्यानिशी उतरण्याच्या धोक्याविषयी कप्तान मोहन रंगनाथन यांनी २०११ मध्ये लेखी इशारा दिला होता, हेही विसरता येत नाही. बजपेचा कप्तान झोपेतून उठलेला होता म्हणून तो अपघात अपवाद, असे म्हणणाऱ्यांस साठ्यांसारख्या अनुभवी माणसाच्या हातून तेच कसे घडले याचे उत्तर द्यावे लागते. चूक माणसागणिक बदलते. दोन्ही ठिकाणी जागेवरून हलला नाही तो डोंगर.

कोळिकोडास मग ती टाळलेली निवड करावीच लागली. २४० मीटरांच्या सुरक्षाक्षेत्रासाठी धावपट्टी दोन्ही टोकांस १६० मीटरांनी कापावी असे २०२२ मध्ये ठरू लागले. केरळ सरकारने हरकत घेतली आणि त्याऐवजी साडेचौदा एकर जमीन संपादून देण्याचे पत्करले. जमीन मिळाली. पण ती धावपट्टीच्या खूप खाली, उतारावर! तेथे भराव घालावयाचा म्हणजे लक्षावधी घनमीटर माती लागणार. ती मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोणत्या टेकड्यांतून काढावयाची, हा नवा प्रश्न. एका डोंगरावरची विमाने सुरक्षित करण्यासाठी दुसरा डोंगर अधू करावयाचा, आणि त्या दुसऱ्या डोंगराखालच्या लोकांनी पावसाळ्यात कोणाच्या भरवशावर झोपावयाचे, हे कोणत्याही अहवालात येत नाही. केरळास दरडींचे भय शिकवावयास नको.

परदेशांत हा पेच कसा सोडवितात, तेही थोडे पाहू. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर २८ फेब्रुवारी १९८४ रोजी स्कँडिनेव्हियन कंपनीचे एक विमान धावपट्टी संपवून खाडीच्या पाण्यात गेले. तेथे जमीन वाढविणे म्हणजे खाडी बुजविणे. तेव्हा अमेरिकनांनी निराळी युक्ती काढली. हलक्या, ठिसूळ, जाळीदार काँक्रीटच्या ठोकळ्यांची एक शय्या धावपट्टीच्या टोकाशी अंथरली. विमानाची चाके तीत शिरली की काँक्रीट चुरगळते आणि त्या चुरगळण्यातच वेग खर्ची पडतो, जसा गूळ फोडताना हाताचा जोर जिरतो तसा. १९९६ मध्ये ती बसविली. १९९९ मध्ये तिने एक विमान पाण्यात जाण्यापासून वाचविले. थोड्या जागेत मोठ्या सुरक्षाक्षेत्राचे काम करणारी अशी ही योजना आहे. ब्राझीलमधील साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर १९९ प्राण घेणारा अपघात २००७ साली झाला. तेथे ती शय्या यावयास २०२२ उजाडले. म्हणजे दिरंगाईचा मक्ता एकट्या हिंदुस्थानाकडे नाही.

त्याच अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून सर्व प्रवासी विमानतळांनी २०१५ अखेरपर्यंत टोकाची सुरक्षाक्षेत्रे दंडकाप्रमाणे करावीत असे फर्माविले. मुदत घातली म्हणून पर्यावरणाची चौकशी मात्र माफ केली नाही. अलास्कातील कोडियाक येथे धावपट्ट्यांच्या टोकांस एका बाजूला समुद्र आणि जवळच बस्किन नदीचे मुख, जेथे साल्मन मासे चढतात आणि ज्यांवर तेथील आदिवासींचा चरितार्थ चालतो. तेथे भराव किती आणि कोठे घालावा, ठिसूळ शय्या घातली तर भराव किती वाचेल, धावपट्टी सरकविली तर काय होईल, असे एकेक पर्याय त्यांच्या हानीसकट लिहून लोकांपुढे ठेवण्यात आले आणि मग २०१३ मध्ये निर्णय झाला. भराव झालाच, निसर्गाला काही सोसावे लागले नाही असे नव्हे. पण पर्यायांची यादी निर्णयापूर्वी उघड झाली. केंजारच्या लोकांनी १९९७ मध्ये मागितले ते याहून फारसे निराळे नव्हते.

दक्षिण कोरियातील गोष्ट आणखी बोलकी आहे. २९ डिसेंबर २०२४ रोजी मुआन विमानतळावर पक्ष्यांची धडक बसलेले एक विमान पोटावर घसरत धावपट्टीपलीकडे गेले आणि दिशादर्शक अँटेनेसाठी रचलेल्या काँक्रीटयुक्त बांधावर आदळले. १८१ पैकी १७९ मृत्युमुखी पडले. बजपेच्या अहवालाने नोंदविलेली तीच वस्तू, चौदा वर्षांनी, सहस्र कोसांवर! मुआन समुद्रकाठच्या चिखलाळ पट्ट्याजवळ आहे आणि स्थलांतरी पाखरांचा तेथे राबता आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलच्या प्रशासकीय न्यायालयाने सेमांगुम येथील नियोजित विमानतळाची मूळ योजनाच रद्द ठरविली; पक्ष्यांच्या धडकेचा धोका आणि पाणथळीची हानी या दोहोंचा पुरेसा विचार झाला नाही म्हणून. सरकारने त्यावर अपील केले आहे, तेव्हा शेवट काय होईल ते होवो. परंतु पाखराला निसर्गाच्या रकान्यात टाकावे की सुरक्षिततेच्या, हा भेदच त्या न्यायासनाने मानला नाही.

आमच्या कायद्यातही हे बीज आहे, फक्त त्याला कोणी पाणी घालीत नाही. विमान नियमावलीच्या ९१ व्या नियमाने विमानतळापासून दहा किलोमीटरांच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास, कातडी सोलण्यास व पक्ष्यांना ओढून आणील असा केरकचरा टाकण्यास मनाई केली आहे. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम अंमलात आला, तरी घारींना त्याची वार्ता नाही. त्या कचऱ्यापाशीच जमतात.

आता मोपा. पेडणे तालुक्यातला हाही जांभ्याचा सडाच. माथ्यावर धनगरांची थोडी घरे, खाली झरे आणि कुळागरे. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी विमानतळास पर्यावरणाची मंजुरी मिळाली. हनुमान लक्ष्मण आरोसकर यांनी तिला आव्हान दिले. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली, कारण अर्जाच्या नमुन्यात आसपासच्या वनांची व संवेदनशील क्षेत्रांची जी माहिती भरावयास हवी होती ती भरलीच नव्हती. वकिलीच्या भाषेत सांगावयाचे तर दावा गुणदोषांवर गेला नाही. सत्यकथनाच्या कसोटीवरच अडला. तज्ज्ञसमितीने पुन्हा विचार केला, जादा अटी घातल्या, आणि १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठविली. अटींच्या पालनावर नजर ठेवण्याचे काम मात्र नागपूरच्या नीरी संस्थेकडे सोपविले. विमानतळ झाला, ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. झाडे गेली ती गेलीच, आणि आरोसकर जिंकले असे कोणी म्हणणार नाही. पण २००३ च्या आज्ञेत नुसते ‘दंडक पाळा’ होते आणि २०२० च्या आज्ञेत ते पाळले जातात की नाही हे पाहणारा होता. सतरा वर्षांत न्यायशास्त्र एवढे पुढे सरकले. थोडे म्हणावे तर थोडे आहे. बजपेच्या वेळी एवढे जरी असते, तर ‘९० की २४०’ हा प्रश्न धावपट्टी बांधण्यापूर्वी कोणीतरी कागदावर विचारला असता, असे आम्हांस वाटते.

हुबळीकडे वळू. आमच्या कमरीपेठेतल्या पुष्कळ मंडळींस आठवत असेल, की गोकुळ रस्त्यावरचा विमानतळ १९७४ चा. आणि कित्येक वर्षे त्याचा उपयोग विमानांपेक्षा तो पाहावयास जाणाऱ्या पोरांनाच अधिक होता. धावपट्टी सुमारे १,६७० मीटर लांब आणि अवघी तीस मीटर रुंद. ८ मार्च २०१५ रोजी बंगळूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान पावसात उतरताना त्या पट्टीवरून कडेला घसरले, एका बाजूची चाके मोडली आणि विमान एका पंखावर कलंडून मातीत थांबले. उतारू सारे सुखरूप बाहेर आले. बजपे आणि हुबळी यांतला फरक हाच: येथे विमान मातीत थांबले. आमची जमीन सपाट, हा दैवाचा मोठा प्रसाद. बेळगावच्या सांबऱ्याचेही तेच. १९४२ मध्ये इंग्रजी वायुदलाने ती जागा निवडली ती पठारच पाहून. पुढे शेतकऱ्यांची सहाशेहून अधिक एकर जमीन घेऊन हुबळीची धावपट्टी दोन किलोमीटरांपलीकडे वाढविण्यात आली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला. मोठी विमाने येऊ लागली.

मात्र सपाट जमिनीचे म्हणून काही प्रश्न असतात. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पट्टी टिकावयाची तर काळी माती काढून मुरूम भरावा लागतो, आणि मुरूम शेवटी कोठल्यातरी टेकडीतूनच येतो. इतका मोठा पृष्ठभाग डांबरला की त्यावरचे पाणी मुरत नाही. ते ज्या ओढ्यात सोडले जाते त्या ओढ्याकाठच्या शेतकऱ्यास विमानतळाची पहिली ओळख त्याच्या वाफ्यात शिरलेल्या पाण्याने होते. आणि याहून मोठा प्रश्न टोकापलीकडच्या जमिनीचा. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेस उडालेले विमान क्षणार्धात धावपट्टीपलीकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहावर कोसळले. त्याची कारणे निराळी, त्यांची चर्चा येथे नको. परंतु विमानतळ गावाबाहेर बांधावा आणि मग गावाने त्याच्याभोवती जमून बसावे, ही आपल्याकडची रीत आहे, हे त्या दिवशी पुन्हा दिसले. हुबळी-धारवाड तर एकमेकांना भेटण्याच्या घाईत दोन्ही बाजूंनी पसरत चाललेली शहरे.

यासाठी आमचे म्हणणे एवढेच, की हुबळीची धावपट्टी पुढे आणखी वाढवावयाची झाली, किंवा तिच्या टोकाशी सुरक्षाक्षेत्र रुंदवावयाचे झाले, तर प्रथम टोकापलीकडची शेते शेतेच राहतील अशी तजवीज नगररचनेच्या नकाशात व्हावी. ज्वारीचे शेत विमानास मऊ पडते, पाणी मुरू देते, आणि त्यात मजली इमारत उगवत नाही. ते संपादावयासही नको. त्याच्या मालकास तेथे घरे बांधू न देण्याचा मोबदला मात्र दरसाल रोख मिळावा. नुसत्या निर्बंधाने मालकाची जमीन पडून राहते, आणि दहा वर्षांनी ती गुंठ्या-गुंठ्याने विकली जाऊन तिच्यावर अनधिकृत वसाहत उभी राहते. मग ती नियमित करण्याचे अर्ज आमच्याच टेबलावर येतात. असा मोबदला देण्याची सोय सध्याच्या भूसंपादनाच्या कायद्यात सरळपणे नाही. १८९४ च्या कायद्याला जमीन घेणे माहीत होते, २०१३ च्या कायद्याला ती घेताना विचारणे माहीत झाले. जमीन न घेता ती मोकळी ठेवण्याबद्दल पैसे देणे मात्र दोघांसही अवगत नाही. पर्यायांची यादी, कोडियाकप्रमाणे, निर्णयाआधी आणि तीही कानडी-मराठीत चावडीवर लागावी. सुनावणीस बोलवावयाचे ते नुसते जमीनमालक नव्हेत, तर ज्या टेकडीतून मुरूम निघणार तिच्या पायथ्याचे आणि ज्या ओढ्यात पाणी जाणार त्याच्या काठचेही. आणि मंजुरीच्या आज्ञेत ‘दंडक पाळावेत’ असे वाक्य आले, तर त्याच्यापुढच्या ओळीत ते पाहणाऱ्याचे नाव व अहवालाची तारीख असावी, एवढी मागणी आमच्या वकीलमंडळींनी त्या दिवशी न्यायासनापुढे अवश्य करावी.